चिंचेतले खिळे

लग्न होऊन मी पनवेलला आले तेव्हा माझ्या फिजिक्सच्या पदवीचं काय करायचं, हे सासरी कुणालाच कळत नव्हतं. सासूबाई ती पाहुण्यांना सांगायच्या, चहाबरोबर चकली पुढे करावी तशी. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मात्र ती मनात धरून ठेवली. त्यांची लाकडाची वखार होती आणि वखारीतच ओंडके कापायचं मशीन होतं. मशीनची मोटर गुरगुरायला लागली की घरी मला निरोप यायचा. मला मोटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी जायचे, कारण घरात बसून डाळ निवडण्यापेक्षा न कळणाऱ्या मोटरकडे बघणं मला बरं वाटायचं. "शिकलेलं माणूस आणि पोलाद, दोन्ही पडून राहिलं की गंजतं," असं मामंजी म्हणायचे, आणि हे कौतुक समजायचं की टोमणा, ते मी कधी विचारलं नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. कळंबोलीला लोखंडाचा बाजार भरभराटीला आला होता, ट्रकांची रांग हटत नव्हती, आणि जिकडे तिकडे रस्ते रुंद करायचं चाललं होतं. रस्त्याकडेची जुनी झाडं लिलावात निघत. मामंजी ती घ्यायचे. लाकूड स्वस्त पडायचं आणि त्याचं कारण प्रत्येक लाकूडवाल्याला ठाऊक होतं. रस्त्यावरचं झाड म्हणजे गावाची भिंत. कुणी त्याला क्लासची पाटी ठोकलेली, कुणी दवाखान्याची, कुणी कपडे वाळत घालायला तार बांधलेली. पाटी जाते, खिळा राहतो, आणि झाड वाढता वाढता त्याला गिळून टाकतं. वरून साल अशी गुळगुळीत, की आत काही असेल अशी शंकासुद्धा येऊ नये.

मशीनला दोन मोठी चाकं होती आणि त्यांच्यावरून दातेरी पोलादी पट्टा गरगर फिरायचा. हा पट्टा खिळ्याला लागला तर नशीब चांगलं असल्यास नुसते दात जायचे. मी लग्न होऊन आले त्याच्या आदल्या वर्षी नशीब चांगलं नव्हतं. शिरीषाच्या ओंडक्यात खिळा लागला, पट्ट्याचा दात उडाला आणि मशीनवरच्या मिस्त्रीचा डावा डोळा गेला. मिस्त्री नेऱ्याकडच्या एका गावातला, कितीतरी वर्षं वखारीत असलेला. बरा झाल्यावर तो पुन्हा त्याच मशीनवर उभा राहिला, कारण दुसरं काम त्याला येत नव्हतं आणि त्याच्याइतकी सरळ फळी दुसऱ्या कुणाला काढता येत नव्हती. मामंजींनी त्याला गॉगल आणून दिला होता. तो कायम त्याच्या कपाळावर असायचा. घामानं काच धुरकटते, आधीच निम्मं दिसतं त्यात धुकं कशाला, असं त्याचं म्हणणं.

एके दिवशी मामंजी जेवता जेवता म्हणाले, "सूनबाई, लाकडातलं लोखंड ओळखणारी यंत्रं असतात म्हणे. कुठली चांगली ते तुम्ही बघायचं. फार स्वस्त नको आणि विमानतळावरचंही नको. मधलं बघा." मला इतका आनंद झाला की हातातला भात तसाच राहिला. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी मला असं काहीतरी विचारलं होतं ज्याचं उत्तर मला माहीत नव्हतं पण शोधता आलं असतं.

तीन यंत्रं जमली. पहिलं मुंबईच्या एका विक्रेत्यानं वापरून बघायला दिलेलं, काळं, हातभर लांब, दंडुक्यासारखं. मंत्री यायचे असले की पोलीस अंगावरून फिरवतात तसलं. दुसरं पुण्याच्या एका निवृत्त इंजिनियरांनी घरीच बनवलेलं. लाकडी पेटी, तिला परातीएवढं तारेचं वेटोळं, आणि कानाला लावायचं यंत्र. ते दिसायला इतकं गबाळं होतं की मामंजींनी त्याच्यावर पोतं टाकून ठेवलं. तिसरं परदेशी. आमच्या आळीत एक ज्यू काका राहायचे, बँकेतून निवृत्त झालेले, आमच्यासारखंच मराठी बोलणारे आणि आमच्यापेक्षा चांगली बिरडी खाऊ घालणारे. त्यांची मुलं इस्रायलला गेलेली. काका-काकूही जायच्या तयारीत होते आणि घरातलं सामान विकत होते. त्यात मुलानं हौसेनं पाठवलेलं हे यंत्र होतं, समुद्रकाठी हरवलेली नाणी शोधायचं. लांब दांडा, खाली बशीसारखी तबकडी, वर तीन बटणं. दिसायला रुबाबदार. मामंजी त्याच्या प्रेमात पडले हे मला लगेच कळलं, कारण त्यांनी किमतीवर घासाघीस केली नाही.

मामंजी कुठलीही किंमत पट्ट्यांत मोजायचे. दंडुका दीड पट्ट्याचा, पुण्याची पेटी अडीच, काकांचं यंत्र तीन. "एवढे पट्टे वाचले पाहिजेत," ते म्हणायचे. पट्ट्याबरोबर काय वाचायला हवं ते कुणीच बोलायचं नाही. मिस्त्री समोरच असायचा.

पहिल्या दिवशी माझी फजिती झाली. मी दंडुका घेऊन ओंडक्यांवरून फिरवायला लागले, तर प्रत्येक ओंडका ओरडायला लागला. साग ओरडला, आंबा ओरडला, नुकती सोललेली निलगिरीसुद्धा. कामगार हसायला लागले. मामंजी म्हणाले, "आता झाडालाच लोखंड लागायला लागलं वाटतं." बराच वेळ मी त्या यंत्राला दोष देत होते. मग माझ्या लक्षात आलं की माझ्या हातात पाटल्या होत्या, आणि पाटलीला सवयीनं अडकवलेल्या सेफ्टी पिनांचा घोस होता, जसा प्रत्येक बाईच्या असतो. मी पिना काढल्या, पाटल्या काढल्या. तरी वाकले की मंगळसूत्र पुढे यायचं आणि यंत्र पुन्हा बोंबलायचं. ते काढून ठेवायला गेले तर डबा द्यायला आलेल्या सासूबाईंनी असं बघितलं की मी ते पदराच्या टोकात गुंडाळून पाठीवर टाकलं. तेव्हा माझ्या कॉलेजच्या वहीत नसलेली पहिली शिकवण मला मिळाली, की यंत्राची पारख करण्याआधी वापरणाऱ्याची करावी. काकांच्या यंत्राचा लांब दांडा त्या बाबतीत फार सोयीचा, हेही मी मान्य केलं.

मग मी नीट कामाला लागले. आंब्याच्या एका फळीवर खिळा ठेवायचा, त्यावर दुसरी फळी, तिच्यावर तिसरी, आणि यंत्र मुकं होईपर्यंत रचत जायचं. दंडुका चार बोटं जाडीला गप्प झाला, पण तेवढ्या खोलीत त्याचं उत्तर चोख होतं. खिळ्यावर आला की किंचाळायचा, बोटभर सरकला की गप्प. पुण्याच्या पेटीला वीतभर खालचा खिळाही कळायचा, पण कुठे ते सांगता यायचं नाही. ती आपली गुणगुणायची, जशी शेजारच्या घरात काहीतरी चाललंय एवढंच कळावं. ओलं लाकूड, सुकं लाकूड, आडवा खिळा, उभा खिळा, गंजका, नवा, सगळं करून पाहिलं. सुखात होते मी. भुशाच्या वासात, धुळीत, साडीचा बोंगा करून बसलेली सून बघून वखारीत येणारी गिऱ्हाइकं चमकायची. मामंजी त्यांना "आमच्याकडे संशोधन चाललंय" असं गंभीरपणे सांगायचे.

काकांच्या रुबाबदार यंत्रानं मात्र कमाल केली. त्याला खिळा कळायचाच नाही. खिळ्यावर ठेवलं तरी ढिम्म. मी काकांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून त्याची पुस्तिका वाचली आणि अभिमानानं म्हणाले, "अगं, हेच तर याचं वैशिष्ट्य आहे. हे खिळ्यांकडे दुर्लक्ष करतं. सोनं-चांदी शोधणाऱ्याला खिळ्यांचा त्रास नको म्हणून मुद्दाम केलंय. म्हणून तर महाग." आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो आणि मग काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. तो गुण बटण फिरवून कमी करता यायचा, पण मग ते दंडुक्याइतकंच खोल जायचं, आणि वर तिप्पट बॅटऱ्या खायचं. मामंजींना हे पटेना. रविवारी ते ते यंत्र घेऊन वखारीच्या अंगणात एकटेच फिरले. त्यांना पितळी बिजागरी आणि एक ढब्बू पैसा सापडला. सोमवारी त्यांनी यंत्र काकांना परत केलं आणि त्याबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

उरली दोन. या सगळ्यात माझ्याइतकंच कुतूहल आणखी एका माणसाला होतं. मिस्त्रीची बायको वखारीतच कामाला होती. मशीनखालचा भुसा ओढून पोत्यांत भरायची. तेव्हा पुष्कळ घरांत भुशाच्या शेगड्या होत्या. मी फळ्या रचायला बसले की ती झाडू टेकवून येऊन उभी राहायची.

"वैनी, त्याला किती खोल कलतंय?"

"चार बोटं."

"आनि त्या पेटीला?"

"वीतभर. पण नेमकं कुठे ते नाही सांगत."

"मंग खिला कुनी मारलाय ते?"

मी हसले. "ते कसं सांगेल?" ती हसली नाही. "नाय, सहज इचारलं," म्हणाली आणि झाडायला गेली. मला वाटलं, नवऱ्याच्या काळजीनं विचारते. ते खरंच होतं, फक्त मला वाटलं तसं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ट्रकमधून चिंच आली. नेऱ्याच्या वाटेवर एका गावाच्या शिवेवर उभी असलेली, दोन माणसांच्या कवेत न मावणारी. चिंचेचं लाकूड चिवट, खाटकांच्या ठोकळ्यांना आणि हातोड्यांच्या दांड्यांना त्याला मागणी असायची. ओंडका खाली उतरला आणि कामगार मागे सरकले. खोडाच्या खालच्या भागात खिळेच खिळे होते. काही नवे, चकचकीत डोक्यांचे. काहींची फक्त गंजकी टोकं दिसत होती. काहींखाली वाळून काळी पडलेली लिंबाची साल अजून चिकटलेली होती. त्या बाजूच्या गावांत कुणाचं दुखणं हटत नसलं की भगताकडे जात. भगत ते दुखणं उतरवायचा आणि शिवेवरच्या झाडाला खिळून टाकायचा. खिळा आहे तोवर दुखणं झाडात. खिळा काढला की ते सुटलं, आणि समोर जो असेल त्याला लागलं.

मामंजी पक्कड घेऊन आले. कुणी हात पुढे करेना. मामंजी सगळ्यांवर तापले आणि स्वतः खिळा धरायला गेले, तर मिस्त्रीनंच त्यांचा हात धरला. "नको शेट. कुनाचं काय बांधलंय, ठाव नाय."

"मग कापायचं कसं? पट्टा लागला तर?"

मिस्त्रीचा गॉगल कपाळावर, एक डोळा मिटलेला, दुसरा त्या ओंडक्यावर.

दुपारी त्याची बायको मला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेली. तिचे ओठ सुकले होते. "वैनी, त्यात येक खिला माजा हाय," ती म्हणाली. नवऱ्याचा डोळा गेल्यावर ती भगताकडे गेली होती. गेलेला गेला, राहिलेल्यावर कुणाची नजर नको, म्हणून भगतानं तिच्या हातानंच त्या चिंचेला खिळा मारून घेतला होता. "काडला त सुटंल. नाय काडला त पट्ट्याला लागंल. येकच डोला रायलाय त्यांचा. मी काय करू?"

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही. पण मला हसू आलं नाही, आणि शहाणपण शिकवावंसंही वाटलं नाही. तिचा विश्वास खोटा असेल, पट्टा खरा होता, आणि खिळाही खरा होता. आणि त्याच वेळी, हे सांगायला जरा संकोच वाटतो, माझं डोकं भराभर चालायला लागलं. खिळा लाकडातून काढायचा नाही, पण ओंडक्यातून काढायचा. म्हणजे खिळ्यासकट त्याच्याभोवतीचं लाकूड कापून वेगळं करायचं.

"तुझा कुठला, ओळखशील?"

तिनं मान हलवली. "अंधारलं व्हतं. आनि तवा झाड उभं व्हतं. आता आडवं झाल्यावर कलंना."

म्हणजे सगळेच काढायला हवे होते. मामंजींना मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "चिंचेची चाळण करणार तुम्ही. उरेल काय?" पण मिस्त्रीचा डोळा गेला त्या दिवशी त्याचं डोकं मांडीवर घेऊन इस्पितळापर्यंत ट्रकमध्ये तेच बसले होते. सासूबाईंनी मला सांगितलं होतं, ते धोतर त्यांनी पुन्हा नेसलं नाही. ते चिंचेकडे बघून म्हणाले, "करा."

त्या कामात दोन यंत्रांची खरी तुलना झाली. पेटी चिंचेजवळ नेली की सतत गुणगुणायची. खिळे इतके होते की तिला एकाचं दुसऱ्यापासून वेगळं करता येईना. दंडुका मात्र सोन्यासारखा चालला. मी तो सालीवरून इंचाइंचानं फिरवायचे, किंचाळला की खडूनं फुली मारायचे, आणि कामगार छिन्नी-करवतीनं फुलीभोवतीचा पेढ्याएवढा, कधी नारळाएवढा तुकडा कापून काढायचे. लोखंडाला कुणी बोट लावत नव्हतं. तुकडे भुशाच्या टोपलीत पडत होते. संध्याकाळपर्यंत टोपली भरली. मी मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता, की दंडुकाच घ्यायचा. किमतीला कमी, बॅटरीला कमी, आणि बोलेल ते नेमकं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओंडका मशीनच्या, रुळांवरून सरकणाऱ्या लोखंडी गाड्यावर चढवला. मी त्यावरून पुन्हा दंडुका फिरवला. एकदम गप्प. मग सवयीनं पेटी आणली. ती हलकेच गुणगुणली. पण खाली लोखंडी गाडा होता, रूळ होते, तिथं ती नेहमीच गुणगुणायची. खात्री करायची तर ओंडका पुन्हा खाली घ्यायला हवा होता. मी तसं म्हटलं. कामगारांनी एकमेकांकडे पाहिलं. ओंडका वर चढवताना आधीच त्यांचे खांदे सोलवटले होते.

मिस्त्री म्हणाला, "नको. वैनी, तुमी सांगा. हाय का नाय?"

त्याची बायको टोपलीशेजारी उभी होती. ती पण माझ्याकडे बघत होती. इतके दिवस मी 'आहे', 'नाही' असं शेकडो वेळा म्हटलं असेन, फळ्यांवर, आंब्याच्या तुकड्यांवर, आणि प्रत्येक वेळी मला मजा आली होती. आता तोच शब्द जिभेवर येईना. मला साधी भीती वाटत होती.

"नाही," मी म्हटलं. मग लांब उभं राहून तो शब्द बोलणं मला बरं वाटेना, म्हणून पुढे गेले, त्याच्या कपाळावरचा गॉगल खाली ओढला आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. मामंजी मागून काहीतरी ओरडले. मशीन सुरू झालं आणि ते ऐकू आलं नाही.

पट्टा चिंचेत शिरला. आवाज एकसारखा, जाड. गाडा पुढे सरकत होता आणि भुसा माझ्या पायांवर पडत होता. शेवटपर्यंत आवाज बदलला नाही. फळी सुटली, मिस्त्रीनं मशीन बंद केलं आणि तिला हातानं आडवी केली.

फिकट पिवळ्या लाकडात, बरोबर मध्यभागी, शाई सांडल्यासारखा निळा-काळा डाग होता. असा डाग कशानं पडतो ते वखारीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. लाकडात लोखंड बरीच वर्षं राहिलं की त्याच्या भोवती तो पसरतो. मी दंडुका डागावर धरला. किंचाळला. आधीच्या कुणीतरी मारलेला, झाडानं पार आत ओढून घेतलेला, चार बोटांपेक्षा खोल खिळा. पट्टा त्याच्यापासून बोटाच्या अंतरानं गेला होता. पेटी खरं बोलत होती.

मिस्त्रीनं गॉगल वर केला. डागावर अंगठा फिरवला, आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. त्याच्या नजरेत तर जरा माझीच काळजी होती.

त्याची बायको टोपली कमरेवर घेऊन आली. कुठला खिळा आपला ते कळणार नव्हतं, म्हणून ती ते सगळेच तुकडे घरी नेणार होती, आपल्या दारात पुरायला. लोकांचीही दुखणी त्यात होती. त्याची भीती वाटत नाही का, असं एका कामगारानं विचारलं तर म्हणाली, "वाटतंय की. पर टाकू कुठं?" ती फळीपासून दोन पावलांवर थांबली आणि तिनं मला विचारलं, "वैनी, सगलं निगालं ना?"

मी तोंड उघडलं. माझ्याआधी मिस्त्री "निगालं" म्हणाला, आणि त्यानं ती फळी उलटी करून ठेवली.